मदत हवी आहे (अर्जंट): भूतानला मतदार कार्डावर जाता येतं का?

घोडबंदरची_गौरी:
शुक्रवारच्या आत उत्तर हवंय. पासपोर्ट व्हेरिफिकेशनला अडकलाय. हवालदार आले तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या वॉचमनने "इथं कोणी गौरी-बिवरी राहत नाही" असं ठणकावून सांगितलं. (रोज मला "मॅडम" म्हणतो, नाव त्याला कधी कळलंच नाही.) आता मतदार कार्डावर काम होईल का? नावात जरा घोळ आहे. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

कोपरीकर:
किती दिवस? फिरायला की शिकायला? विमानाने की रस्त्याने? घोळ म्हणजे नेमका काय? ताई, अर्धं विचारलंत तर उत्तरही अर्धंच मिळणार.

येऊरचा_वाघोबा:
आधार घेऊन जा बिनधास्त. मी नेपाळला गेलो होतो, कोणी हिंग लावून विचारलं नाही.

कोपरीकर:
वाघोबा, चुकीचं सांगू नका. भूतानला भारतीयांचा पासपोर्ट चालतो, किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार कार्ड. आधार नाही. नेपाळलाही विमानाने जाताना १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही. तुम्ही बसने गेला असणार.

येऊरचा_वाघोबा:
रक्सौलहून टांग्याने. पण गेलो ना!

वाशीची_माई:
बाळा, मेतकूट आणि लसणाची चटणी नक्की ने. तिकडे मिरची ही भाजी म्हणून खातात, चीजमध्ये शिजवून. एमा दात्शी म्हणतात. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला अर्धा तांब्या पाणी प्यायलं. आणि दोन स्वेटर जास्तीचे घे.

घोडबंदरची_गौरी:
माई, धन्यवाद, पण प्रश्न जेवणाचा नाही.
बरं, सगळं सांगते. एम.ए.ला आहे, शेवटचं वर्ष. तिथल्या एका कॉलेजात सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे: वारसा आणि पर्यावरण. माझा विषय पुनाखाचा झोंग. १६३७ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला-मठ, बरोबर दोन नद्यांच्या संगमावर. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये वरचं हिमनदीचं तळं फुटलं आणि पुराने त्यालाही तडाखा दिला. संगम पवित्र म्हणून तिथे बांधला आणि धोकाही तिथूनच, हे मला तिथल्या भिक्षूंना आणि गावकऱ्यांना विचारायचंय.
कॉलेजने गटाची तिकिटं काढायला नावं मागितलीत, कोलकाता ते पारो. मार्कशीटवर नाव इंग्रजीत जी-ए-यू-आर-आय, मतदार कार्डावर जी-ए-व्ही-आर-आय. म्हणजे गवरी! जळणाची.

कोपरीकर:
😂 हे आधी लिहायचं! ज्या कागदावर प्रवास करणार, त्यावरचंच स्पेलिंग तिकिटावर आणि परमिटच्या अर्जावर हवं. मार्कशीट विमानतळावर कोणी बघत नाही. कॉलेजला लगेच कळवा, "गवरी" लिहा म्हणावं. कार्ड दुरुस्तीचा नमुना ८ आत्ता भरू नका, परत आल्यावर भरा. मधेच नवं कार्ड आलं तर नवा घोळ.

खारघरचे_आजोबा:
तत्काळ पासपोर्ट काढावा. साडेतीन हजार रुपये लागतात. आमच्या वेळी...

कोपरीकर:
आजोबा, तिचा साध्या रांगेतला अर्ज आधीच सुरू आहे. त्यावर दुसरा टाकला की दोन्ही लटकतात.

खारघरचे_आजोबा:
मी सल्ला दिला. ऐकायचा की नाही तुमचा प्रश्न.

येऊरचा_वाघोबा:
मुळात भूतान कशाला? नेपाळ घे. काठमांडू खोरं १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, २०१५ च्या भूकंपात काष्ठमंडप अख्खा कोसळला आणि लोकांनी परत उभा केला. वारशावर शिकायला याहून जिवंत उदाहरण कुठलं? आणि रात्रीमागे फी नाही.

घोडबंदरची_गौरी:
कसली फी??

येऊरचा_वाघोबा:
एसडीएफ, म्हणजे शाश्वत विकास शुल्क. भूतान भारतीय पर्यटकाकडून रात्रीला १२०० रुपये घेतं. सहा आठवडे म्हणजे ४२ रात्री. ५०,४०० होतात. मी गणितात नापास झालो तरी एवढं येतं.

घोडबंदरची_गौरी:
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बजेटच ६० हजारांचं आहे, त्यात तिकीट!

माजिवड्याची_मास्तरीण:
घाबरू नका. हा दर पर्यटकाच्या परमिटचा. कॉलेज तुमच्यासाठी कुठलं परमिट काढतंय ते आधी विचारा. पर्यटक म्हणून नेणार असतील तर पैसे कोण भरणार, हेही मेलवर लेखी घ्या, फोनवर नको.
माई, स्वेटरचं मात्र थोडं चुकलं. पुनाखा जेमतेम १२००-१३०० मीटरवर, तिथे भात पिकतो. थिंफूहून जाताना दोचुला खिंड ३१०० मीटरच्या आसपास लागते, तेवढ्यापुरतं एक जाकीट पुरे.

वाशीची_माई:
मी थिंफूलाच कुडकुडले गं, म्हणून सांगितलं.

येऊरचा_वाघोबा:
विषय निघालाय म्हणून. भूतानच्या संविधानातच लिहिलंय, देशाचा ६० टक्के भाग कायम जंगल राहिला पाहिजे. आणि आमच्या येऊरला रविवारी जा, बिबट्यापेक्षा डीजे जास्त.

कोपरीकर:
येऊरचा वेगळा धागा काढा ना राव. हा तिचा आहे.

घोडबंदरची_गौरी:
अपडेट. मेल केला, उत्तर आलं. तिकिटावर आणि अर्जावर स्पेलिंग कार्डाप्रमाणे करतायत, कार्डाचा दोन्ही बाजूंचा स्कॅन उद्या द्यायचाय. परमिट अभ्यासाचंच काढणार म्हणाले, फीबद्दल सोमवारी सांगतील. मास्तरीणबाई, लेखीच मागितलंय. पुढचे सहा आठवडे मी कागदोपत्री गवरी.
पासपोर्टसाठी हवालदार परत येणार आहेत म्हणे. वॉचमनला चिठ्ठी लिहून दिलीय: फ्लॅट नंबर, पूर्ण नाव, मोबाईल.

खारघरचे_आजोबा:
त्याला दिवाळीला काही दिलं होतंत का?