मदत हवी आहे: बदामीच्या वालुकाश्मात तिरपे थर की नुसते रंगाचे पट्टे?

नमस्कार मंडळी. बदामीच्या लेण्यांच्या खडकात क्रॉस-बेडिंग फार सुरेख दिसतं: तिरपे थर खाली अलगद टेकलेले, वर सपाट कापलेले. त्यावरून वाळू आणणाऱ्या प्रवाहाची दिशा आणि थराची मूळची वरची बाजू ओळखता येते. अडतं ते लालसर-जांभळ्या पट्ट्यांपाशी. लोहयुक्त पाणी झिरपून नंतर उमटलेले पट्टेही असेच वळणदार दिसतात. मात्र ते खऱ्या थरांना छेदून जाऊ शकतात. थर बदलला की भिंगातून कणांचं आकारमान बदललेलं दिसायला हवं, पण कण जवळपास एकसारखेच असतील तर? अशा वेळी तुम्ही जागेवर नेमकं काय बघता? झिजेच्या खाचा, अभ्रकाच्या चकत्या, की आणखी काही? लेण्यांत हातोडा चालवायचा प्रश्नच नाही, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने जमेल असंच सांगा. विद्यार्थ्यांना घेऊन जायचंय, लवकर कळवलंत तर फार बरं होईल.