साडेपाच महिन्यांची मुलगी, पतसंस्थेतली नोकरी आणि डब्यात जेमतेम ३० मिली

माणदेशी_सून

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगी साडेपाच महिन्यांची. मी पतसंस्थेत कॅशियर. गावापासून तालुका २२ किलोमीटर, सकाळी साडेनऊची एसटी, संध्याकाळी कॅश जुळली की सहाची. घरी पाय ठेवेपर्यंत पावणेसात. बीपी वाढल्यामुळे २६ आठवड्यांतले साडेसहा आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे रुजू होऊन आता पाच आठवडे होत आले.

ऑफिसात दूध काढते ती जागा म्हणजे रेकॉर्डची खोली. आतून कडी लावायची आणि थकबाकीदारांच्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसायचं. पंप नाही, हातानेच काढते, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात. पहिल्या आठवड्यात एका बैठकीला ८० मिली निघायचं. (औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या मापाने मोजते, कॅशियरची खोड.) आता ३० निघालं तरी डोंगर चढल्यासारखं वाटतं. ऑफिसात फ्रिज नाही. एप्रिल चालू आहे, डबा टेबलाखाली पाण्याच्या पातेल्यात ठेवते. दोनदा तर भीतीने घरी येऊन ओतून दिलं. ओतताना काय वाटतं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

सासूबाई म्हणतात, "कामाला जाती, जीव उन्हात फिरतो, दूध आटलं. दारात गाय हाय, तीच चालू करू." नणंदेने आठवडी बाजारातून बाटली आणली. पोरगी निपल जिभेने बाहेर ढकलते आणि रडून घर डोक्यावर घेते. दिवसभर सासूबाई काढलेलं दूध वाटीने पाजतात, ते संपलं की डाळीचं पाणी. मी घरी आले की जी चिकटते ती अकरापर्यंत. रात्रीही तीनदा. सासूबाईंचं म्हणणं, बघ, उपाशी आहे.

अळीव, शतावरी, मेथीचे लाडू, खसखशीची खीर, बाजरी, लसूण सगळं चालू आहे. माझं वजन वाढतंय, दूध नाही.

अंगणवाडीत गेल्या मंगळवारी वजन ६.४ भरलं, महिन्यापूर्वी ५.९ होतं. लंगोट दिवसाला सात-आठ ओले होतात.

दूध खरंच आटतंय का? आणि ह्या उन्हात डब्यातलं किती वेळ टिकतं?

खाकीवाली

अगं, तू ज्या गाडीने जातेस तसल्याच गाडीवर मी वाहक आहे, बारा वर्षं झाली. दोन लेकरं ह्याच नोकरीत अंगावर पाजून मोठी केली, म्हणून बोलते.

थोरल्याच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी घाटात मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि इकडे माझा पान्हा सुटला. हातात तिकिटाचं मशीन, गाडी खच्चून भरलेली, खाकीवर दोन गोल डाग. कॅशबॅग छातीशी धरली आणि "पुढे सरका, पुढे सरका" करत राहिले. दारापाशी एक म्हातारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. उतरताना मी टॉवेल द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, तुझा घाट अजून उतरायचाय.

त्या दिवसापासून सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या चौघडी घड्या आत ठेवायला लागले. विकतच्या पॅडांपेक्षा सुती बरं, घामाने कातडी सोलत नाही.

आता तुझं. मी ज्या दिवशी "वेळ मिळाला की काढू" म्हणायचे त्या दिवशी वेळ मिळायचाच नाही. मग एका बाजूला दगडासारखी गाठ, रात्री ताप. दोनदा भोगलं. तिसऱ्यांदा ठरवलं, की गाडीला वेळापत्रक आहे तसं दुधालाही. स्टँडवर हिरकणी कक्ष होता तिथे, नाहीतर डेपोच्या महिला विश्रांतीगृहात. ती बिचारी हिरकणी लेकरासाठी रायगडाचा कडा उतरली, मला फक्त पंधरा मिनिटं दार लावून बसायचं होतं. निघो न निघो, बसायचं. रिकामं झालं तर शरीराला कळतं अजून लागतंय, भरलेलं राहिलं तर कळतं आता नको. तू किती वेळा बसतेस ते लिहिलं नाहीस. एकदाच बसत असशील तर तिथेच पाणी मुरतंय.

आणखी एक, जे मला धाकटीच्या वेळी कळलं. पहाटे साडेपाच-सहाला ती एका बाजूला पीत असते ना, तेव्हाच दुसऱ्या बाजूला वाटी धर. पान्हा दोन्हीकडे एकदमच सुटतो. रेकॉर्डच्या खोलीत अर्ध्या तासात निघत नाही तेवढं पाच मिनिटांत निघतं. पहिले चार-पाच दिवस वाटी सांडते, पोर लाथ मारतं, चालायचंच.

काढायच्या आधी गरम पाण्यात पिळलेला रुमाल ठेव, पाठ भिंतीला टेक. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी आत छातीकडे दाब, मग एकमेकांकडे. बोटं कातडीवर घसरवू नकोस. मोबाइलवर तिचा रडतानाचा व्हिडिओ लाव. हसू नकोस, लावून बघ.

आणि साहेबांना सांग. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाची सुटी सोडून, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यायचा ही तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनची आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर हे २०१७ मध्ये आलं, तुमच्याकडे एवढी माणसं नसतील. पण दोनदाचा वेळ तोंडी मागू नकोस, अर्ज लिही, एक प्रत आपल्याकडे ठेव. अर्ज लिहिला की माणसं जरा वेगळं ऐकतात.

माणदेशी_सून

खाकीवाली ताई, त्या म्हातारीचं वाचून रेकॉर्डच्या खोलीतच रडले. तुम्ही बरोबर ओळखलंत, एकदाच बसते, दीडला, डबा खाऊन झाल्यावर. मार्चएंडला तर तेही हुकत होतं.

सिस्टर_रात्रपाळी

मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. तुमच्या पोस्टमध्ये काळजीची ओळ मला एकच दिसली आणि ती दुधाची नाही, डाळीच्या पाण्याची आहे. त्याने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. आजपासून बंद. सहा महिने पूर्ण झाले की पाणी नको, घट्ट वरण-भात तुपासकट कुस्करून, नाचणीची खीर, उकडलेलं रताळं. चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. गाईचं दूध प्यायला म्हणून वर्षानंतर. मधाचं बोटही वर्षाच्या आत नाही.

महिन्यात ५०० ग्रॅम वाढलेलं, सात-आठ लंगोट ओले करणारं मूल उपाशी नसतं. आई दिवसा नसते, म्हणून ती संध्याकाळी आणि रात्री कसर भरून काढते. बरीच बाळं असं करतात. आणि हाताने किती निघालं यावरून आत किती आहे ते कळत नाही, बाळाचं तोंड कुठल्याही हातापेक्षा जास्त काढतं.

साठवणीचं: स्वच्छ झाकणाच्या डब्यात, २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. तुमच्याकडे एप्रिलात खोली २५ नसते, म्हणून पातेल्यावर भिस्त ठेवू नका. जाड अस्तराची पिशवी घ्या आणि गोठवलेले आइस पॅक, आशाताईंच्या लसीच्या डब्यात असतात तसले. त्यात डबा पॅकला चिकटून राहिला तर २४ तास चालतं. घरी फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही. नियमाने चार दिवस टिकतं, पण वीज जाते तिथे मी दुसऱ्या दिवशीच वापरायला सांगते. वर साय धरते ती नासल्याची खूण नव्हे, डबा हलकेच फिरवा. गॅसवर तापवू नका, गरम पाण्याच्या वाटीत डबा ठेवा. उष्टं उरलेलं दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाका.

बाटली नकोच, वाटी-चमचा उत्तम चाललाय. पोरीला टेकवून बसवून पाजायचं, आडवं नाही.

आता एक प्रश्न. ८० वरून ३० वर यायला नेमके किती दिवस झाले, आणि त्याच सुमारास कुठली गोळी सुरू केली का? सर्दीची, पाळी लांबवायची, किंवा दिवस राहू नयेत म्हणून?

माणदेशी_सून

सिस्टर, अंगावर काटा आला. तीन आठवडे झाले असतील. आणि हो, गोळ्या चालू केल्यात, दिवस राहू नयेत म्हणूनच. रोजची एक, २८ची पट्टी. मेडिकलमधून ह्यांनी आणली, डॉक्टरांना विचारलं नाही. दुधाचा आणि तिचा संबंध असेल असं मनातही आलं नाही. घरी कुणाला माहीतही नाही.

सिस्टर_रात्रपाळी

पट्टीवर घटक वाचा. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या जोडीला एथिनिल इस्ट्रॅडिऑल लिहिलं असेल तर ती इस्ट्रोजेनची जोडगोळी. बाळाला अपाय नाही, पण दूध कमी करू शकते, म्हणून पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने सहसा देत नाहीत. पट्टी मधेच सोडून नुसत्या बसू नका, नाहीतर इथे पुढचा प्रश्न वेगळाच विचाराल. ह्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि पाजते आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. सरकारी दवाखान्यात 'छाया' मिळते, तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तांबीही आहे. निवड डॉक्टरांबरोबर बसून करा.

सगळा दोष गोळीचा असं मी म्हणत नाही. दीडला एकदाच बसणं हेही आहेच.

जुळ्यांची_आई

दूध वाढवायचे उपाय वाचून एखादीला घशाशी येत असेल तर तिच्यासाठी लिहिते.

माझी जुळी ३२व्या आठवड्यात झाली, एक १४०० ग्रॅम, एक १२५०. मला पाच दिवस चिकाच्या थेंबांपलीकडे काही नव्हतं. ते थेंब सिरिंजमध्ये धरून नर्स नळीने द्यायची, आणि वरचं दूध पेढीतून यायचं. दुसऱ्या बायकांनी दिलेलं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेलं. तेव्हा कळलं की आपल्याकडची पहिली दूधपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कोणाच्या तरी पान्ह्यावर माझी पोरं तगली, नाव-गाव माहीत नाही.

पुढे दोघांना पुरेल इतकं मला कधीच आलं नाही. अर्धं अंगावर, अर्धं डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर, आठ महिने. पावडर मोजून, उकळलेल्या पाण्यात, वाटीने. हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "पाजत नाहीस का गं?" मी म्हटलं, पाजते की, दोघांना, चोवीस तास. तिला काय कळायचं ते कळलं.

आजी_६१

मी सासू आहे. सासूची बाजू कुणी लिहीना म्हणून लिहिते.

माझं पहिलं पोर बांधाच्या बाभळीला झोळीत टांगून मी खुरपायला जायची. रडलं की जाऊन पाजायचं. त्यामुळे डब्यातलं दूध ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. सूनबाईने पहिल्यांदा फ्रिजमधून डबा काढून दिला तेव्हा खरं सांगते, मला कसंसंच झालं. शिळं लेकराला कसं घालायचं? सासूबाई गाय म्हणतात ती दुष्टाव्याने नाही, पोरीला रडवत ठेवायला त्यांचा हात धजत नाही. घरात दिवसभर ते रडणं त्या ऐकतात, तू नाही.

त्यांना भाषण देऊ नकोस, काम दे. घरात चांदीचं बोंडलं, लेकराला पाजायची चोचीची वाटी, असेल तर काढून, उकळून त्यांच्या हातात दे. आमच्या पिढीला बाटलीपेक्षा त्याचा भरवसा. डब्यावर वेळ लिहून ठेव आणि विचार, "आत्या, अकराचा आधी द्यायचा की पहाटेचा?" विचारलं की आम्ही विरघळतो. आणि वजनाला अंगणवाडीत त्यांनाच पाठव, काटा त्यांच्या डोळ्यांनी बघू दे.

माणदेशी_सून

बारा दिवसांनी लिहितेय.

पट्टीवर एथिनिल इस्ट्रॅडिऑल होतंच. आरोग्य केंद्रात गेले, गोळी बदलून दिली. साहेबांना अर्ज दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि "साडेअकरा आणि तीन, पण कॅश मोजून जात जा" एवढंच म्हणाले. रेकॉर्डच्या खोलीत आता एक प्लास्टिकची खुर्ची आली आहे. शिपाईमावशींनी न सांगता आणून ठेवली.

पहाटेची वाटी तीन वेळा सांडली. चौथ्या दिवशी ५५ मिली. ऑफिसात कधी ४०, कधी ६०, काल दोन्ही बैठका मिळून ११०. अळिवाचे लाडू चालू ठेवलेत, आवडतात म्हणून.

बोंडलं निघालं, ह्यांच्या बारशाचं, नांगराच्या पेटीत. सासूबाईंनी चिंचेने घासून लखलखीत केलं. परवा मी घरी आले तर शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "साय धरली म्हंजी नासलं न्हाई, डबा असा फिरवायचा." गाईचं दूध पुन्हा डेअरीला जातंय.

एक विचारायचं राहिलं. आइस पॅक संध्याकाळच्या गाडीत पाझरतो आणि पिशवी खालून ओली होते. खाकीवाली ताई, तुम्ही काय करायचात?

खाकीवाली

खाली जुन्या टॉवेलची घडी. माझ्याकडे तोच होता.