कशाने उठलं, आणि काम थांबलं का? : ठाणे-नवी मुंबईकरांचे त्वचेचे अनुभव

ठाणे, वर्तकनगर

खाज, लाली, पाण्याने भरलेले बारीक फोड, मग साल निघणं आणि भेगा. यातलं बरंचसं आपल्याकडे 'उष्णता', 'पित्त', 'पाणी लागलं' म्हणून वर्षानुवर्षं चालतं आणि मूळ कारण रोज अंगाला लागतच राहतं. डॉक्टर याला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. त्यातला जास्त आढळणारा प्रकार म्हणजे साबण, सोडा, ओलं सिमेंट, सतत पाण्यात हात, यांनी कातडी सरळ सोलवटते. ती कोणाचीही सोलवटेल. दुसरा ॲलर्जीचा. शरीर एखाद्या वस्तूला ओळखून बसतं आणि पुढे ती थोडी जरी लागली तरी एक-दोन दिवसांनी उठतं. मधे हे दिवस जातात, म्हणून बोट भलत्याच गोष्टीकडे दाखवलं जातं.

मी ठाण्यात एका दवाखान्यात काम करते, माझी बहीण मुरबाडच्या बाजूला आशा सेविका आहे. आम्ही फोनवर बोलतो तेव्हा आजार एकच निघतो, पण इथला माणूस वस्तू बदलतो आणि तिथल्याला तीच वस्तू घेऊन पोट भरायचं असतं. म्हणून विचारते आहे. काय लागलं, अंगावर नेमकं कुठे उठलं, कारण कसं सापडलं आणि काम चालू ठेवता आलं का, हे लिहा.

घणसोली

आईच्या कपाळावर आधी खाज, मग बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग. घरात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात कोडच होतं. माझं लग्न ठरायचं होतं, त्यामुळे मावशीने डाग झाकायला मोठी टिकली लावायला सांगितली. वाशीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी टिकली काढून उलटी केली आणि तिच्या गोंदावर बोट ठेवलं. या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल असू शकतं आणि ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच मारतं. टिकली बंद केल्यावर डाग वाढायचा थांबला. कडेने रंग भरतोय, मधे अजून फिकट आहे. आई आता थोडंसं कुंकू लावते, पण बाजारच्या कुंकवातल्या रंगांचीही ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असा डाग बघून लोक मुलींची स्थळं मोडतात.

दिवा

बाबा गवंडी. गाव शहापूर तालुक्यात, पण उभी हयात घोडबंदर रोडच्या इमारतींवर गेली. साइटवर सगळेच म्हणतात, सिमेंट खातं. नवीन पोरांचे हात आठवड्याभरात खाल्ले जातात, मग 'सवय होते'. बाबांना सवय झाली नाही. प्लास्टर करताना उजव्या हातात थापी असते आणि डावा हात मालात. डाव्या तळव्याला आणि बोटांच्या बेचक्यात अशा भेगा की रात्री वरणभात चमच्याने खायचे. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

कोणीतरी सांगितलं म्हणून चामड्याचे हातमोजे आणले. त्याने मनगटापर्यंत चढलं! मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठीवर पट्ट्या लावून तपासणी झाली तेव्हा क्रोमियम निघालं. सिमेंटमध्ये ते असतंच, आणि चामडं कमावतानाही बहुतेक वेळा क्रोमियमचेच क्षार वापरतात. म्हणजे औषध म्हणून घातलेल्या मोज्यातही तेच. डॉक्टरांनी हेही समजावलं की ओलं सिमेंट मुळातच इतकं जहाल अल्कली असतं की ते आधी कातडी फोडतं आणि मग त्या फटीतून क्रोमियम आत जातं. युरोपात २००५ पासून सिमेंटमधलं हे विद्राव्य क्रोमियम दहा लाखांत २ भागांवर जाऊ देत नाहीत, फेरस सल्फेट मिसळून ते कमी करतात. बाबांच्या ठेकेदाराकडे मी हे वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं.

काम थांबलं का, तर हो आणि नाही. प्लास्टर सोडलं. आता नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे घालून लेव्हल-ओळंबा बघतात, नवीन पोरांना शिकवतात. मजुरी कमी झाली. चाळीस वर्षं काम केलेल्या कारागिराच्या हातातून थापी जाणं काय असतं, ते घरात रोज दिसतं.

रबाळे

दिव्याच्या दादांना एक माहिती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रसायनं आणि रंगांच्या थेट संपर्काने होणारा त्वचारोग हा कळवणं बंधनकारक असलेला आजार म्हणून नोंदलेला होता. मी एमआयडीसीत इपॉक्सी या चिकट रेझिनच्या कामावर होतो, पापण्या सुजून डोळे उघडेनात. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर 'ॲलर्जी' एवढंच लिहिलं. कामगाराने 'कामामुळे' हा शब्द कागदावर आणायचा आग्रह धरावा. मी धरला, आणि मला पॅकिंगला बदली त्यामुळेच मिळाली.

शहापूरहून, सध्या उलवे

मी शेतकरी. मुलगा टाइप करतोय.

तोंड काळवंडलं, पापण्या जड झाल्या, मानेची कातडी म्हशीच्या चामड्यासारखी जाड झाली, कोपराच्या आतल्या घडीत चिघळलं. शर्टाखालचं अंग साफ. सगळे म्हणाले ऊन लागलं. मग डोक्याला पंचा बांधून शेतात जायचो, तरी तेच. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी माझी हनुवटी वर करून खाली पाहिलं, कान पुढे ओढून मागे पाहिलं. म्हणाल्या, बाबा, उन्हाचं असतं तर या सावलीच्या जागा सुटल्या असत्या. हे हवेतून येतंय. बांधावर गाजर गवत आहे का?

बांधावर काय, सगळीकडेच आहे. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं आणि मग देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने अंगावर उठतं, आणि वाळलेल्या झाडाचा भुगासुद्धा वाऱ्याने येऊन तेच करतो. म्हणून पावसाळा संपला तरी माझं संपत नव्हतं.

हवापालट म्हणून मुलाकडे आलो. बरं वाटलं. आणि पावसानंतर परत उठलं. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कंबरेएवढं गाजर गवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनाही पापण्यांना तेच, त्यांना वाटत होतं काजळाचं आहे. सोसायटीच्या पोरांनी फूल यायच्या आधी, मोजे आणि पूर्ण बाह्या घालून, मुळासकट उपटलं. गावी आता निंदणी मोठा मुलगा करतो. मी भात झोडायलाही जात नाही. करमत नाही.

मुरबाड, नोकरी कळव्यात

गावी पायात काटा मोडला की बिब्बा गरम करून लावायची पद्धत. माझ्या भावाच्या पावलाला लावला तर घोट्यापर्यंत फोड आले आणि जखम महिनाभर वाहिली. बिब्बा, काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक एकाच कुळातले. एकाने त्रास झाला तर बाकीच्या दोघांपासूनही जपावं. आजीवर रागावू नका, तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण आता लावू देऊ नका.

नेरूळ

पोळी-भाजी केंद्र चालवते. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांचीच टोकं कोरडी, फाटलेली. डॉक्टरांनी हात पाहिल्या पाहिल्या विचारलं, लसूण सोलता का? डाव्या चिमटीत पाकळी धरायची आणि उजव्या हातातल्या सुरीने सोलायची, म्हणून ही तीनच बोटं. आता सोलायला मदतनीस आहे, पण तिची बोटं मी रोज बघते.

कोपरखैरणे, मेडिकल दुकान

काउंटरवर 'ती खाजेची ट्यूब द्या' असं दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस खूश. ज्या वस्तूने उठलं ती मात्र तशीच. महिनोन्‌महिने लावून कातडी पातळ झालेली, चेहऱ्यावर केशवाहिन्या दिसायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा ट्यूबांमध्ये काही वेळा असणाऱ्या निओमायसिनचीच अनेकांना ॲलर्जी होते. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. आम्ही पाळतो, पण गावाकडून फोटो पाठवून 'हीच पाठव' म्हणणारा नातेवाईक प्रत्येकाला असतो. त्याला नाही म्हणा आणि त्याने काय हाताळलं ते विचारा.

ऐरोली

ॲलर्जी शोधायच्या पॅच टेस्टला घाबरू नका, सुई नसते. पाठीवर बारीक डब्यांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, पेनने खुणा करतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात ठाण्याच्या लोकलमध्ये उभं राहून हे जमणार नाही, थंडीत करा.

माझ्या कानांवर, मानेवर आणि पापण्यांवर उठत होतं, डोक्याला काहीच नाही. म्हणून केसांच्या डायचा संशयच आला नव्हता. निघालं तेच, डायमधलं पीपीडी नावाचं रसायन. डोक्याची कातडी जाड, ती बऱ्याचदा सुटते. 'काळी मेहंदी' म्हणून मिळते तिच्यातही पीपीडी घातलेलं असू शकतं. मी केस पांढरे ठेवले, ऑफिसात कोणी काही म्हणालं नाही. गवंडीकाकांचं वाचल्यावर कळतं, मला किती सहज सोडता आलं.

दिघा

आई भांडी-धुण्याची कामं करते. रबरी मोजे दिले तर त्यानेच उठलं, रबर बनवताना घालतात त्या रसायनांची ॲलर्जी. आता आतून सुती आणि वरून व्हिनाइलचे घालते. कामाच्या घरच्यांना माझं सांगणं आहे. बादलीत पावडर ओंजळीने टाकू नका, माप चमचाभर ठेवा. फरशीला ॲसिड लावायचं काम बाईंवर सोपवू नका. काम झाल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन पेट्रोलियम जेली लावायला पाच मिनिटं द्या. आईच्या दोन घरांनी जेलीची डबी बेसिनपाशीच ठेवली आहे. तिसऱ्या घरी सांगायला ती लाजते, म्हणून या रविवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.