मदत हवी आहे: ताप चढताना थंडी का वाजते?

मंडळी, पुण्यात बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. होमिओस्टॅसिसच्या (म्हणजे शरीराची आतली स्थिती स्थिर राखण्याच्या) धड्यात गाडी अडलीय. मे महिन्यात भर दुपारी स्वारगेटला बसची वाट बघताना त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो आणि शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. इथवर ठीक. पण अंग ३९ अंशांकडे चाललेलं असताना हुडहुडी भरते, दात वाजतात, दोन गोधड्याही पुरत नाहीत! प्रोस्टाग्लँडिन ई२ या शरीरातल्याच रसायनामुळे हायपोथॅलॅमसमधला (मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागातला) तापमानाचा ठरलेला आकडाच वर सरकतो, असं वाचलं. मग निगेटिव्ह फीडबॅक (ठरलेल्या आकड्यापासून ढळलं की उलट दिशेने परत आणणारी यंत्रणा) बिघडला म्हणायचं, की नव्या आकड्यासाठी तो चोख चाललाय? मला दुसरं पटतं. पॅरासिटामॉलनंतर दरदरून घाम फुटतो तोही आकडा परत खाली आल्यामुळेच ना? तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात म्हणे. कुणी नीट समजावेल का?