मदत हवी आहे : आईचं दुखणं आणि डोक्यातलं धुकं

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे. तिला चार वर्षांपासून फायब्रोमायल्जिया (सगळं अंग सतत दुखण्याचा आजार) आहे. अंगदुखीची आता तिला सवय झालीय, पण डोकं चालत नाही याने ती खचलीय. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्येच विसरते, साधा शब्द ओठांवर येऊन अडतो. भिशीचा हिशोब तोंडी करणारी बाई आता तो वहीत तीन-तीनदा मांडते. ‘वय झालं की होतंच’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती रडली.

डॉक्टर म्हणाले, सतत दुखत असलं की मेंदूचं लक्ष तिकडेच अडकतं, त्यात गाढ झोप नाही. या आजाराच्या निदानाच्या २०१० च्या अमेरिकी निकषांतही विसराळूपणा, लक्ष न लागणं हे धरलेलं आहे. थायरॉइड, बी-१२ ठीक आहे. रात्री प्रीगॅबॅलिन ही दुखण्यावरची गोळी चालू आहे. त्यानेही सुस्ती येते म्हणे. गोळी मनाने बंद करणार नाही.

कुणाच्या घरी असं आहे का? डॉक्टरांनी गोळीची वेळ किंवा डोस बदलल्यावर फरक पडला का? झोप कशाने सुधारली? आणि हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही, हे तिला कसं पटवून देऊ? रोज रात्री तेच विचारते.