पडीक म्हणायचं कुणी? (बारसूवरच्या त्या प्रतिसादाला उत्तर)

सड्यावरली (राजापूर)

बारसूच्या प्रस्तावित तेल रिफायनरीच्या धाग्यावर 'खाडीपलीकडचा' यांनी लिहिलं: "पडीक कातळावर विकासाची गंगा येत होती, ती शब्दांचे बुडबुडे काढून अडवली. सामान्य माणूस पोटाने विचार करतो, शब्दांनी नाही." तिथे चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

या एका वाक्यातच वादाचा निकाल लागलेला आहे. 'पडीक' म्हटलं की जागा कुणाच्या उपयोगाची नाही हे ठरलं, मग तिथे काहीही आलं तरी फायदाच. 'गंगा' म्हटलं की ती वरून येणार, पवित्र असणार आणि तिच्या आड येणारा करंटा. वर्षाला ६ कोटी टन कच्चं तेल शुद्ध करणारा कारखाना म्हटलं असतं तर पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठल्या खाडीत सोडणार, हे प्रश्न आपोआप तोंडात आले असते. गंगेला असले प्रश्न कोण विचारतो?

सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, काय होतं ते सांगते. कातळाच्या खोलगट भागात माती धरते, तिथे आमच्या घरची माणसं पावसात भात लावतात. गुरं तिथेच चरतात. दिवाळीच्या आसपास गवत कापून भारे बांधायचे, ते वर्षभर गोठ्यात पुरवायचे. पावसाचं पाणी भेगांतून मुरतं आणि खालच्या वाडीतला झरा उन्हाळ्यातही टिकतो. शिवाय बारसूची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीही माणसांना ती जागा मोलाची वाटत होती. आमच्या सातबाऱ्यावर मात्र या तुकड्यापुढे 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलंय. जमिनीचा एजंट आला तेव्हा त्याने त्याच शब्दावर बोट ठेवून सासऱ्यांना सांगितलं, "सरकारच खराब म्हणतंय काका, मी कुठून भाव देऊ?" सासरे गप्प बसले. जन्मभर ज्या जमिनीवर गुरं पोसली, ती खराब नाही हे सांगायला त्यांच्याकडे कागदावरचा शब्दच नव्हता.

भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये हेच मांडलं, की रूपकं फक्त बोलण्यात नसतात, विचारच त्यांच्यातून चालतो. ते अमेरिकेतलं असेल, पण आमच्या ओटीवर घडलेलं मी वर लिहिलंय.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

ताई, माझंच वाक्य घेतलंत, तर उत्तर देतो.

शब्द विचार घडवतात म्हणता. मग २०२२ च्या जानेवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी बारसूची जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी त्यांचाच पक्ष विरोधात उभा राहिला, हे कुठल्या रूपकाने झालं? सत्ता गेली, शब्द बदलले. त्याआधी एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प घ्या. 'अरबी समुद्रात बुडवू' म्हणत युतीवाले १९९५ ला निवडून आले, करार रद्द केला आणि १९९६ ला त्याच कंपनीशी नवा करार केला. घोषणा ऐकून माझ्या वडिलांनी मत दिलं होतं. गुहागरात नोकरी मात्र त्या नव्या करारामुळे लागली, माझ्या मामेभावाला. २००१ ला प्रकल्प बंद पडला तेव्हा ती गेली. समुद्रात कोण बुडालं ते आमच्या घरी येऊन विचारा.

आणि तुमच्या बाजूचे शब्द? 'राखरांगोळी', 'विनाशकारी', 'विषारी'. 'ग्रीन रिफायनरी' हा शब्द फसवा आहे, मान्य. पण राखरांगोळी कुणी मोजून ठरवली? ज्या गावातली शाळा पोरं नाहीत म्हणून बंद होते, तिथल्या आईबापाला शब्दांचं व्याकरण शिकवू नका.

मास्तर_देवरुख

दोघांनाही सांगतो, यावर प्रयोग झालेले आहेत. थिबोडो आणि बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचा मजकूर वाचायला दिला. आकडे तेच. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हे हिंस्र जनावर होतं, काहींच्या मजकुरात रोगाचा विषाणू. जनावर वाचलेल्यांनी पकडा, तुरुंगात टाका असे उपाय जास्त सुचवले. विषाणू वाचलेले कारणं शोधा, समाज सुधारा याकडे जास्त झुकले. असं का सुचवलं विचारल्यावर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवलं, रूपकाचं नाव फारच थोड्यांनी घेतलं.

पण २०१४ मध्ये स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा रूपकाचा असा परिणाम सापडला नाही. म्हणजे ताई समजतात तेवढी शब्दांची सत्ता सिद्ध झालेली नाही आणि दादा म्हणतात तसे ते बुडबुडेही नाहीत.

जवळचं उदाहरण द्यायचं तर 'कर्जमाफी'. माफी गुन्हेगाराला असते. म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 'कर्जमुक्ती' हा शब्द लावून धरला, कारण शेतमालाचे भाव पाडून हे कर्ज सरकारनेच लादलंय असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' आलं. भाव पाडण्याचं धोरण त्याने बदललं का? नाव शेतकऱ्याचं घेतलं, मुद्दा बाजूला ठेवला. शब्द जिंकूनही हरता येतं.

वेंगुर्ल्याची_वैनी

माका लेकॉफ म्हायत नाय. पण 'लाडकी बहीण' म्हणजे काय तां माका बरोब्बर म्हायत आसा.

२०२४ पासून महिन्याला १५०० रुपये येतात. मला त्यांचा उपयोग आहे, मी ते नाकारणार नाही, आणि जे शहरातून 'फुकट वाटप' म्हणून नाकं मुरडतात त्यांनी आमच्या काजू फॅक्टरीत एक पाळी करून दाखवावी. पण नाव बघा. हा पैसा कराचा, तो बाईच्या खात्यात येणं हा तिचा हक्क. त्याला भाऊ-बहीण केलं की तो ओवाळणी झाला. ओवाळणी किती घालायची ते भाऊ ठरवतो. बहीण हिशेब मागत नाही, मागितला तर ती भांडखोर. म्हणूनच त्या वर्षी एक आमदार भर कार्यक्रमात म्हणू शकला की आशीर्वाद दिला नाहीत तर १५०० परत काढून घेईन. नंतर म्हणाला गंमत केली. निवृत्त मास्तरांना अशी गंमत कोणी करून दाखवेल का, की मत नाही दिलंत तर पेन्शन काढून घेतो? पेन्शनला कोणी ओवाळणी म्हणत नाही, म्हणून ती हिंमत होत नाही.

दादरचा_कुडाळकर

चर्चा चांगली आहे, पण एक विचारतो. शब्द बदलून काही होतं हे खरं मानलं, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सरकारी कामकाजात 'चाकरमानी' म्हणू नका, 'कोकणवासीय' म्हणा. आम्हाला काय मिळालं? २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे. कोकणवासीय म्हणून त्याच खड्ड्यांतून गावी गेलो.

आणि तो शब्द काढायची मागणी ज्यांनी केली त्यांना तो कळलाच नाही. माझे वडील परळच्या गिरणीत होते. गावाच्या नावाची सामाईक खोली, तिथे पाळी संपवून आलेला माणूस दुसऱ्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर झोपायचा. पगार झाला की आधी मनिऑर्डर, मग स्वतःची खानावळ. गावी गेले की वाडीभर "चाकरमानी इलो" व्हायचं आणि ते ऐकताना वडिलांची छाती फुगायची. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण तो शब्द गेला नाही. त्यात कुणाला नोकर म्हटल्यासारखं वाटत असेल तर दोष शब्दाचा नाही.

तिठ्यावरचा

कुडाळकर, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण माझ्या आजीला विचारा चाकरमानी म्हणजे काय. आजोबा मुंबईत, ती इथे सासू-सासरे, चार पोरं, नांगरट, लावणी सांभाळून. मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. 'मनिऑर्डरवर जगणारं कोकण' असं जो तो लिहितो, जणू इथल्या बायका पोस्टमनची वाट बघत ओटीवर बसल्या होत्या. आजीच्या कष्टाला शब्दच नाही. चाकरमानी गेला तर मला दुःख नाही.

दादरचा_कुडाळकर

म्हणजे आमच्या बापाने मुंबईत मजा मारली असं म्हणायचंय? तोंड सांभाळून लिहा. गावचं देऊळ, शाळेची खोली, पाण्याची टाकी, सगळ्यांवरच्या पाट्या वाचा, देणगीदार मुंबईकर मंडळच आहे.

तिठ्यावरचा

मजा मारली असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. पाट्यांवर तुमची नावं आहेत तेच सांगतोय. टाकीपर्यंत चर खणणाऱ्यांची कुठे आहेत?

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

विषय काय होता आणि कुठे गेला. रोजगाराबद्दल कोणी बोलेल का?

सड्यावरली (राजापूर)

दादा, विषय भरकटलेला नाही, इथेच तर तो येऊन ठेपलाय.

'कोकणवासीय' म्हणजे कोकणात राहणारा. हे नाव मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांना दिलं. मग बारा महिने इथे राहते ती मी कोण? चाकरमानी या शब्दात निदान एक माणूस गावाबाहेर आणि दुसरा गावात, हे दिसत होतं. नव्या शब्दाने तो फरकच पुसला. आणि तो पुसला की राजकारण सोपं होतं. 'कोकणवासीयांचा प्रकल्पाला पाठिंबा' किंवा 'कोकणवासीयांचा विरोध', दोन्ही बातम्या मुंबईतल्या एका हॉलमधल्या सभेवरून छापता येतात. बारसूच्या वेळी हेच झालं. सातबाऱ्यावर नाव असलेले कितीतरी जण मुंबई-पुण्यात, आणि रस्त्यावर उन्हात आडव्या पडलेल्या बाया गावातल्या. दोन्ही बाजूंनी 'कोकणी माणूस' हाच शब्द वापरला.

मास्तर_देवरुख

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, बरोबर आहे. तरी सावध करतो. 'इथला' आणि 'बाहेरचा' हीसुद्धा तयार चौकट आहे आणि ती कुणावर उलटेल सांगता येत नाही. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी, होड्यांवर खलाशी परप्रांतीय. बारा महिने इथे राहणारे तेही आहेत. त्यांना कोकणवासीय म्हणाल का?

वेंगुर्ल्याची_वैनी

म्हणू. आमच्या बंदरातल्या होड्या त्यांच्याशिवाय पाण्यात जात नाहीत.

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

बरं, 'पडीक' हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही. झऱ्याचं मला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे सडा नाही. पण म्हणून माझं म्हणणं पडलं असं कुणी समजू नये. भात, गवत, झरा, सगळं मान्य करूनही तुमच्या वाडीतला पंचविशीतला मुलगा नोकरीसाठी मुंबईकडे तळोज्याला का जातो, हा प्रश्न उरतोच. नोकरी त्याला हवी आहे आणि ती कुठल्या तरी शब्दाने त्याच्या डोक्यात घातलेली नाही. याचं उत्तर ज्या दिवशी द्याल त्या दिवशी मी तुमच्या बाजूला येईन.

सड्यावरली (राजापूर)

प्रश्न खरा आहे. माझा दीरच तळोज्याला आहे. पण 'रिफायनरी नाहीतर स्थलांतर' असे दोनच दरवाजे आहेत, हे कोणी ठरवलं? आंबा-काजूवरची प्रक्रिया, मासळी साठवायला बर्फ आणि शीतगृहं, यासाठी कोणी गंगा आणत नाही. त्याला 'जोडधंदा' म्हणतात आणि निधीही जोडधंद्याइतकाच देतात.

सातबाऱ्याचं एक काम करता येतं, ज्यांचा सडा आहे त्यांनी ते करावं. पोटखराबातल्या वर्ग अ जमिनीवर तुम्ही खरोखर लागवड करत असाल तर ती लागवडीयोग्य म्हणून नोंदवून घेता येते. तलाठ्याकडे चौकशी करा, पिकाचे फोटो सोबत न्या. आम्ही अर्ज केलाय.

दादरचा_कुडाळकर

त्याने शेतसारा वाढेल, हेही सांगा. आणि मूळ गोष्टीचं उत्तर कोणीच दिलं नाही. आमचं घर गावात, सातबारा आमच्या नावावर, देवाची पाळी आमची. पण मतदारयादीत नाव दादरला म्हणून ग्रामसभेत माझा हात मोजत नाहीत. तुमच्या हिशेबाने मी बाहेरचाच ना?

तिठ्यावरचा

जमीन घेताना संमती तुमची मागतील, मोबदला तुमच्या खात्यात जाईल. ते कोणी नाकारलेलं नाही. झरा आटला तर कळशी घेऊन लांब कोण जाणार, त्याचं मत ग्रामसभेत मोजतात. तुम्हाला तिथे बोलायचं असेल तर यादीतलं नाव इकडे आणा. आमच्या वाडीत दोघांनी आणलंय, निवृत्त होऊन आलेत, आता प्रत्येक सभेला सगळ्यात जास्त तेच भांडतात.