पहिल्यांदाच डोमिनाकडे जातोय, आधी काय माहीत असावं?

मकरपुराकर
वय ४३, वडोदरा, घटस्फोटित. मशीन बसवायला कंपनी हॅम्बुर्गला पाठवतेय. कित्येक वर्षं मनात आहे, तिथे एकदा व्यावसायिक डोमिनाकडे, म्हणजे पैसे घेऊन, आधी ठरवून हुकूमत गाजवणाऱ्या, बांधणाऱ्या, फटके देणाऱ्या बाईकडे जायचंय. एकीची साइट वाचली, नियम बघूनच घाम फुटला. फोन करू की मेल? लिहायचं काय? चेष्टा नको, प्लीज.

दांडियाबाजारवाले काका
चेष्टा कशाला? तिकडे नोकरीत होतो तेव्हा मीही जात असे.

साइटवर फोन करा असं नसेल तर मेलच करा. नाव (टोपणनाव चालतं), वय, पहिलीच वेळ, काय हवंय, काय अजिबात नको. मनातली कल्पना रंगवून पानभर लिहू नका. फुकटात मजा घेणारे तसं लिहितात आणि तिला ते लगेच कळतं. संभोगाचं विचारू नका, बहुतेकींकडे तो नसतोच. 'मला काहीही चालेल' हे तर मुळीच नको. नवख्याला काहीही चालत नसतं.

तब्येतीचं लपवू नका. बीपी, शुगर, मणका, रक्त पातळ करायची गोळी. त्या गोळीवर साध्या फटक्यानेही मोठं काळंनिळं होतं. माझा डावा खांदा धरतो, हे सांगितल्यावर तिने हात वर बांधायचं रद्दच केलं. हात समोरच्या बाजूला बांधले, तरी मधूनमधून बोटं दाबून विचारायची, मुंग्या येतात का? दोर कापायची कात्री कायम हाताशी. अशी बाई शोधा. गळा दाबायला मात्र कुणी म्हटलं तरी नाही म्हणा, त्यात सुरक्षित असं काही नसतं.

थांबायचा शब्द आधीच ठरतो. बहुधा येलो म्हणजे जरा बेतानं, रेड म्हणजे बंद. आपल्या लोकांना येलो म्हणायची लाज वाटते, दातओठ खाऊन सोसत बसतात. मग तिला अंदाज कसा यायचा? तोंड बांधलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा, तो टाकला की सगळं थांबतं.

गुजरातबाहेर पाऊल पडलं की आपली मंडळी आधी बार शोधतात. त्या दिवशी नाही! प्यालेल्याला दारातूनच परत पाठवतात. अंघोळ करून, नखं कापून, वेळेवर जा. पैसे पाकिटात, गेल्यागेल्या द्यायचे. घासाघीस करायला तो मंगळबाजार नव्हे.

सयाजीगंजची ताई
जर्मनीत २०१७च्या कायद्यानुसार डोमिनांनाही नोंदणी करावी लागते, तिथे हा धंदा उजळ माथ्याने चालतो. इथे टेलिग्रामवर 'मिस्ट्रेस' म्हणवणाऱ्यांच्या नादी लागू नका. आधी पैसे, मग व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावतात, मग 'नातेवाइकांना पाठवू'. तसं झालंच तर दमडी न देता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मकरपुराकर
आभार, काका, ताई. संपल्यावर लगेच निघायचं असतं का? दुसऱ्या दिवशी दिवसभर कामावर उभं राहायचंय.

दांडियाबाजारवाले काका
लगेच नाही. पाणी, पांघरूण, थोड्या गप्पा. हा वेळ सेशनमध्येच धरलाय की वेगळा, ते मेलमध्ये विचारा. पुढचे एकदोन दिवस काहींना उगाच उदास वाटतं. त्या भरात तिला प्रेमाचे मेल धाडू नका. आणि 'खुणा नकोत' हे आधीच लिहा, कारखान्यात सगळ्यांसमोर शर्ट बदलावा लागेल.